हात नसताना म्हटलेलं हव

मी एसटीत कंडक्टर आहे. चंद्रपूर ते भद्रावती ही माझी नेहमीची फेरी, कधी मूलवरून गडचिरोली. कंडक्टरला एक घमेंड असते, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. चालत्या गाडीत तो काही धरत नाही. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्यात सुट्टे, आणि गाडी कितीही डुलली तरी तो माणसांमधून सरकत जातो. मीही वर्षानुवर्षं असाच सरकलो. मग एका दुपारी कोळशाच्या ट्रकमागे ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि मी पडलो, तो थेट एका म्हातारीच्या जांभळांच्या टोपलीत.

सगळी गाडी हसली. मागून कोणीतरी म्हणालं, "कंडक्टर बिगर तिकिटाचा बसला गा." म्हातारी हसली नाही. ती म्हणाली, "ऊठ लवकर, तुह्या आंगाखाली माह्या मालाचा रस निघून राह्यला." मला उठताच येईना. दोन पोट्ट्यांनी बगलेत हात घालून उभं केलं, तेव्हा एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "जड हाय बे म्हातारा." मी तेव्हा पंचेचाळिशीत होतो.

पाठ चार दिवसांत बरी झाली. हसणं मात्र कानात राहिलं. मला वजन कमी करायचं नव्हतं, ताकद कमवायची नव्हती. मला पडायला शिकायचं होतं. पडून उठायला, उलटं व्हायला, कोलांटी मारायला. या वयात हे कोण शिकवतं ते मी गावभर विचारत फिरलो. मशीनवाल्या जिममधला पोरगा म्हणाला, आधी पोट उतरवा. कराटेवाल्याने सरळ सांगितलं, मोठे घेत नाही. जिम्नॅस्टिकच्या वर्गातल्या सरांनी विचारलं, "मुलगा किती वर्षांचा आहे?" मी म्हटलं, मुलगा नाही, मीच. त्यांनी तोंडावरचं हसू आवरलं आणि आतल्या दुसऱ्या सरांना बोलावून मला परत विचारायला लावलं.

शेवटी शिकवणारा मला माझ्याच गाडीत सापडला. भद्रावतीच्या एका शाळेत तो खेळाचा मास्तर होता, पासवर रोज जायचा-यायचा. साताऱ्याकडचा, तिशीच्या आतला. संध्याकाळी चंद्रपुरात, पठाणपुरा गेटाबाहेर तेंदूपत्त्याचं एक जुनं गोदाम होतं, तिथे तो पोरांना मल्लखांब शिकवायचा. गडचिरोलीत प्रात्यक्षिकांचा एक मेळावा व्हायचा होता आणि त्यात या वेळी प्रौढांचाही गट होता, म्हणून त्याला मोठी माणसं हवीच होती. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पोटाशी जरा जास्त वेळ थांबला आणि म्हणाला, "या काका. पण रडायचं नाही."

काका. आमच्याकडे माझ्या वयाच्या माणसाला भाऊ म्हणतात.

पहिल्या दिवशी बायको सोबत आली ती केवळ भाजीबाजार वाटेवर होता म्हणून. ती थैली मांडीवर घेऊन भिंतीशी बसली. गोदामात अजूनही पत्त्याचा तुरट, कोरडा वास होता. मधोमध जमिनीत रोवलेला सागवानी खांब, एरंडेल लावून लावून काळा पडलेला. बाजूला लोखंडी तुळईवरून सोडलेला दोर. पुरुषांनी खांबावर करायचं, बायकांनी दोरावर. मी खांबाला मिठी मारली आणि चढायला गेलो. वर जायच्या ऐवजी हळूहळू खाली सरकत आलो. मांडीची सालटी निघाली. मास्तर म्हणाला, "काका, खांब आहे तो. मावशी नाही, किती वेळ गळ्यात पडताय." पोरं खिदळली. मग मला अजून जरा टोचायचं म्हणून तो भिंतीकडे वळला. "काकू, तुम्हीच दाखवा बरं यांना कसं चढायचं ते."

त्याने हे चेष्टेत म्हटलं होतं. तिने थैली खाली ठेवली, लुगड्याचा काष्टा घातला, चप्पल काढली आणि दोराशी गेली.

तिचं माहेर मूलकडचं, तळ्याकाठचं. घरचा धंदा मासोळीचा आणि शिंगाड्याचा. लहानपणी ती डोंग्यात उभी राहून शिंगाडे तोडायची. डोंगा म्हणजे एक कोरलेलं लाकूड, त्यात नवखा माणूस बसला तरी उलटतो. हे मला लग्नापासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि तिला त्या दोरावर, पायाच्या अंगठ्यात दोर धरून, वर वर जाताना पाहणं वेगळं. तुळईला हात लावून ती खाली पाहून म्हणाली, "आता उतरू का सर? का काही करायचं हाय इथी?"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर मला म्हणाला, "काका, थैली तुम्ही धरत जा आता."

मी हसलो. सगळ्यांसोबत हसलो. तेव्हापासून ते हसणं माझ्या गालांत दुखत होतं, पण ते काय आहे ते मी स्वतःलाही कधी सांगितलं नाही.

मोठ्यांचा वर्ग जमला. एक बँकेतला शिपाई, दोन शिक्षक, मी. बायकांत माझी बायको आणि आमच्याच गल्लीतली, विहाराशेजारी राहणारी एक अंगणवाडी सेविका. माझ्या बायकोने तिला ओढून आणलं होतं. ती दोरावर फार चढायची नाही, पण वर्गात तिची बडबड असायची, आणि मास्तरच्या टोमण्यांना तिच्याकडेच उत्तर असायचं. मास्तर एकदा म्हणाला, "ताई, तुमचं वजन दोराला विचारा." ती म्हणाली, "दोर तुमच्यापेक्षा समजदार हाय सर. तो बोलून नाई दाखवत."

मास्तरचा सगळ्यात मोठा राग आमच्या हववर होता. आमच्याकडे हो ला हव म्हणतात. आणि नुसतं हो ला नाही. समोरचा बोलत असला की हव, ऐकू आलं म्हणून हव, नाही ऐकू आलं तरी हव, नकार द्यायचा असला तरी आधी हव. उलटं झुकताना वरचा माणूस खालच्याला विचारायचा, "सोडू?" आणि खालचा सवयीने म्हणायचा "हव", त्याचे हात कुठे का असेनात. पहिल्याच महिन्यात शिपाईभाऊ यावरून तोंडावर आपटता आपटता वाचला. त्या दिवशी मास्तरने सगळ्यांना भिंतीशी उभं केलं.

"जेवलात का, हव. झोपलात का, हव. मेलात का, हव. तुमच्या इथं माणूस मेला तरी चितेवरून हव म्हणेल. ते घरी. इथं खांबाखाली आणि दोराखाली हव म्हणजे एकच. माझे हात खाली आहेत. हात नसतील तर तोंड बंद. आणि ज्याच्या तोंडून फुकटचं हव निघेल त्याने उठाबशा काढायच्या."

मग कित्येक दिवस गोदामात उठाबशाच चालल्या. सेविकाबाईने तर मास्तरने "समजलं का?" विचारल्यावरही हव म्हटलं आणि लगेच कान धरून खाली बसली. पण हळूहळू जीभ वळली. बाहेर आम्ही हव म्हणायचो, आत शिरलं की मान हलवायचो. दोराखाली तो शब्द मोजकाच उरला, आणि म्हणूनच त्याला वजन आलं. वरच्याने तो ऐकला की डोळे मिटून हात सोडायचे.

मी काही शिकलो नाही असं नाही. साधी उडी, म्हणजे उलटं होऊन पायांनी खांब धरणं, आली. कोलांटी आली, वाकडी, पण आली. बसमध्ये कितीही ब्रेक लागला तरी मी पुन्हा पडलो नाही. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. पण तोवर मला दुसरंच काही हवं झालं होतं. घरी ती भाकऱ्या थापताना एका पायावर उभी राहायची, उगीच, गंमत म्हणून. अंगणात दोरीवर कपडे वाळत घालताना टाचा उचलून चालायची. तिच्या अंगाला काहीतरी परत मिळालं होतं, आणि ते माझ्याकडून मिळालेलं नव्हतं. मी शेजाऱ्यांसमोर म्हणायचो, "आमच्या घरी माकडीण हाय, केळं देऊन पाहा." लोक हसायचे. तीही हसायची. तिचा भाऊ तिला बाई म्हणतो. एकदा त्याचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "तुमची बाई या वयात उलटी लटकून राह्यली, पाहून जा एकदा." तिने फोन घेऊन आत जाताना माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला हल्ली बरं का वाटत नाही, हे ती शोधत होती.

गडचिरोलीच्या मेळाव्यासाठी मास्तरने प्रौढ गटातून एकच नाव निवडलं. तिचं. शेवटच्या प्रकारात तिने दोराचा वेढा मांडीला घेऊन, हात सोडून, पाठीमागे उलटं झुकायचं होतं. वेढा आवळेपर्यंत खालच्याने तिच्या खांद्यांना हात द्यायचा. तो आवळला की हात काढायचे, मग ती आपली आपण लटकते. सराव होईस्तोवर खाली माणूस हवाच. मास्तर म्हणाला, "काका, तुम्हीच राहा खाली. तुम्हाला वर काही जमत नाही, खालचं तरी जमेल." कोणी हसलं नाही, इतकं ते खरं होतं.

मेळाव्याच्या आधीच्या आठवड्यातली संध्याकाळ. मास्तर पलीकडे खांबावर शिपाईभाऊच्या पायांची पकड सुधारत होता. सेविकाबाई भिंतीशी बसून पायाला तेल चोळत होती. बायको वर. मी खाली. तिने वेढा घेतला, माझ्याकडे न पाहता विचारलं, "सोडू?"

मी माझे दोन्ही हात पाठीमागे घेतले. हे लिहायला मला इतके दिवस लागले, म्हणून पुन्हा लिहितो. हात खाली लोंबत नव्हते, मी विसरलो नव्हतो, लक्ष दुसरीकडे नव्हतं. मी हात मागे नेऊन एकमेकांत धरले, शाळेतलं पोर उभं राहतं तसे. आणि म्हटलं, "हव."

नंतर मी मनाला समजावलं की मला फक्त तिने घाबरावं असं वाटत होतं. एकदा तरी तिला कळावं की खाली मी नसलो तर काय. पण त्या क्षणी मला नीट माहीत होतं की हात नसतील तर वेढा आवळत नाही. मास्तरने दहादा दाखवलं होतं. तिने डोळे मिटले, हात सोडले आणि ती मागे आली. मला तिच्या पाठीचा घामाचा डाग दिसला. मग ती माझ्या समोरून खाली गेली.

फार उंची नव्हती. गादी होती. पण तिचा उजवा हात अंगाखाली गेला. वाळलेली काडी मोडावी तसा आवाज आला, आणि त्यानंतर तिचा नाही, सेविकाबाईचा आवाज आला. "काय झालं वो बाई?"

मास्तर धावत आला. "हव म्हणालात ना तुम्ही? मी ऐकलं. हव म्हणालात."

आणि माझ्या तोंडातून ते निघालं. मी आधी ठरवलं नव्हतं. ते तिथे तयारच होतं. "मी हिले नाई म्हटलं," मी भिंतीकडे बोट केलं. "मी त्या बाईले हव म्हटलं. तिनं काहीतरी विचारलं मले."

सगळे सेविकाबाईकडे वळले. तिने काही विचारलं नव्हतं. ती तेल चोळत होती, गप्प होती. मास्तर तिच्यावर ओरडला, "तुम्ही विचारलं का यांना काही?"

ती घाबरून गेली होती. तिच्या मैत्रिणीचा कोपर चुकीच्या दिशेला वळलेला होता. ती म्हणाली, "हव."

तिचं हव हे काही कबुलीचं नव्हतं. ते आमच्याकडचं हव होतं, समोरचा ओरडला की निघणारं. पण गोदामात ते कबुलीसारखं ऐकू आलं. मास्तरने कपाळावर हात मारला. "तुमच्या या हवने मारलं," तो म्हणाला. "शेवटी तुमच्या हवनेच मारलं." आणि गादीवर पडलेली माझी बायको, दात आवळून, म्हणाली, "माहीच घाई झाली. दुसऱ्याचं हव होतं ते, मी माह्यं समजली."

मी गाडी बोलवायला बाहेर गेलो. बाहेर येऊन मला हलकं वाटलं. हेही लिहिलंच पाहिजे.

कोपरात स्टीलची पट्टी आणि स्क्रू घातले. डॉक्टर म्हणाले, हात वाकेल, पण पूर्ण सरळ होणार नाही. तिने विचारलं, "दोर धरता येईन का?" डॉक्टरांना वाटलं ती विहिरीच्या दोराचं बोलत आहे. ते म्हणाले, घरी नळ नाही का?

मेळाव्यात नाव तर गेलं होतं. मास्तरने मला विचारलं, आणि मी उतरलो. गडचिरोलीच्या मैदानात, सगळ्यांसमोर, मी साधी उडी मारली, वाकडी कोलांटी मारली, आणि सूत्रसंचालकाने माइकवर सांगितलं की सौभाग्यवतींच्या अपघातानंतर त्यांच्या जागी हे उतरले आहेत, जोरदार टाळ्या. टाळ्या जोरदारच पडल्या. माझा मेहुणा गावाहून आला होता. त्याने सगळ्यांसमोर मला मिठी मारली. "भाऊजी, बाईच्या जागी उतरले तुम्ही. आमच्याकडं कोण करते एवढं." बायको पहिल्या रांगेत गळ्यातल्या झोळीत हात घेऊन बसली होती. टाळी वाजवता येत नव्हती म्हणून ती डाव्या हाताने मांडीवर थापट्या मारत होती. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल खरोखरचा अभिमान होता. तेवढा अभिमान मी लग्नानंतर कधी तिच्या तोंडावर पाहिला नव्हता, आणि खरं सांगतो, मला तो आवडला. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून तो चघळत आलो.

सेविकाबाईने वर्ग सोडला. ती आधी डबे घेऊन यायची, वांग्याची भाजी, कधी आंबील. आली की दारातच थांबायची. माझ्या बायकोचा हात पाहून तिचे डोळे भरायचे. ती म्हणायची, "मी काय विचारलं होतं ते मले आठवतच नाई वो. रोज आठवून पाह्यतो." मग तिने यायचंच बंद केलं. रस्त्यात दिसली तर पदर पुढे ओढून दुसऱ्या बाजूने जायची. बायको म्हणायची, "तिच्यावर काऊन राग राहीन माहा? घाई तर मी केली."

प्लास्टर निघालं. मास्तरने निरोप धाडला, या, डाव्या हाताने सुरू करू. ती गेली नाही. मला वाटलं होतं ती हातामुळे जात नसेल. तसं नव्हतं. तिला आता स्वतःच्या कानावर भरवसा नव्हता.

ते घरात हळूहळू उतरलं. मी कशालाही हव म्हटलं की ती थांबायची आणि विचारायची, "मले म्हटलं का?" बाहेरगावी असलेल्या आमच्या पोराचा फोन असो, दारावर दूधवाला असो, मी मेहुण्याशी बोलत असो, ती आतून विचारायची, "मले म्हटलं का?" कुकरची शिट्टी ती दोनदा मोजायची. रस्ता ओलांडताना मी चल म्हटलं तरी उभीच. डोंग्यात उभी राहणारी बाई. एकदा आम्ही मूलला जायला निघालो, ड्रायव्हरने दार उघडून हात केला, तरी ती पायरीखाली थांबून मला विचारत राहिली, "आपल्यालेच म्हटलं ना? दुसऱ्याले असंन." मागचे लोक खेकसले. एक बाई म्हणाली, "बहिरी हाय का वो?" बायको म्हणाली, "नाई, उतावळी हाय."

सुरुवातीला मला हे सोयीचं वाटलं होतं. घर शांत झालं होतं. ती एका पायावर उभी राहत नव्हती. पण ते "मले म्हटलं का" दिवसातून इतक्यांदा येऊ लागलं की मी घरात हव म्हणणं सोडलं. मान हलवू लागलो. मग ती माझ्या तोंडाकडे पाहत राहायची, मान हलली की नाही ते तपासत.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. सकाळची वेळ, माझी सुट्टी. तिच्या भावाने मासोळ्या पाठवल्या होत्या. तिच्याच्याने एका हाताने त्या धरवत नव्हत्या, म्हणून मी शेपटीकडून धरायचो आणि ती विळीवर खवले काढायची. तिने विचारलं, "याचं कालवण करू का तळू?" मी अभावितपणे म्हटलं, "हव."

तिने हात थांबवला. "मले म्हटलं का?"

घरात दुसरं कोणीच नव्हतं.

मी मासोळी खाली ठेवली आणि सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. हात मागे धरले होते, तुझं सोडू ऐकलं होतं, तुलाच हव म्हटलं होतं.

ती रडेल असं मला वाटलं होतं. खवल्यांनी भरलेली विळी माझ्या अंगावर येईल असंही क्षणभर वाटलं. तिने विचारलं, "तिनं काई विचारलं होतं का तुमाले?"

"नाई."

"काईच नाई?"

"ती तेल लावून राह्यली होती."

"म्हणजे ते हव मलेच होतं."

"तुलेच."

तिने विळी बाजूला सारली. मग म्हणाली, "म्हणजे मी बरोबर ऐकलं." माझ्याशी बोलत नव्हती ती. तिने तो वाकडा हात उचलून पाहिला, उलटा, सुलटा, जसा कोणी हरवलेली वस्तू सापडल्यावर पाहतो. "मी बरोबर ऐकलं. घाई नाई झाली माही."

मी म्हटलं, माझं चुकलं.

"ते मंग पाहू," ती म्हणाली. "हात मोडला ते एका घडीचं काम होतं. एवढे महिने मले येडी करून ठेवली ते तुमी रोज करत होते. रोज सकाळी उठून करत होते." तिने मासोळ्या टोपल्याखाली झाकल्या, हात धुतले. "चला."

"कुठी?"

"तिच्या घरी. तुमी सांगायचं. मी नाई सांगणार."

मी म्हटलं, मी लिहून देतो, मला बोलता येणार नाही. ती चप्पल घालत होती. "तोंडानं म्हटलं होतं ना?" ती म्हणाली.

सेविकाबाई अंगणात बसून तांदूळ निवडत होती. आम्हाला पाहून ती उठलीच, पळून जायच्या बेतात. बायकोने तिचा हात धरून खाली बसवलं. मी उभा होतो. मी सांगितलं. हात मागे होते, तुम्ही काही विचारलं नव्हतं, मी तुमचं नाव खोटं घेतलं.

ती मध्येच म्हणाली, "हव भाऊ, हव. होते असं. मनाले नका लावू." तिला वाटलं मी दुःखाने बहकलो आहे आणि सगळं आपल्या अंगावर घेत आहे. मी परत सांगितलं. ती परत म्हणाली, "हव हव. जाऊ द्या भाऊ, तुमी लय केलं बाईसाठी. गडचिरोलीले तर तुमी उतरले." तिचा आवाज दयेचा होता. मला तिसऱ्यांदा सांगावं लागलं, आणि तिसऱ्यांदा सांगताना मी, तसाच, हात पाठीमागे नेऊन एकमेकांत धरून दाखवले.

 मग सुपातले तांदूळ तिने बोटाने एका बाजूला केले, परत पसरले. माझ्या बायकोकडे पाहून विचारलं, "खरं बोलून राह्यला का हा?"

भाऊ गेलं होतं. तुमी गेलं होतं.

"खरं बोलून राह्यला," बायको म्हणाली.

"मी पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं माह्या नवऱ्याले," सेविकाबाई म्हणाली. "की मीच काईतरी विचारलं असंन म्हणून. माहा नवरा मले म्हणे, तुही जीभ कापाले पाह्यजे. तेव्हापासून घरात कोणी माह्याशी धड बोलत नाई." हे सगळं ती माझ्या बायकोला सांगत होती. मी तिथेच, दोन हात अंतरावर उभा होतो, पण मला कोणी काही विचारलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. मी त्यासाठी तयार होऊन आलो होतो.

"हात कितीक सरळ होते?" तिने विचारलं. बायकोने दाखवला. तिने तो कोपर धरून हळूच ताणून पाहिला, जिथे अडला तिथे थांबली.

"एवढ्यात दोर धरता येते?"

"धरून नाई पाह्यला."

"मास्तर हाय का अजून?"

"हाय. निरोप येते त्याचा."

"मंग संध्याकाळी जाऊ," सेविकाबाई म्हणाली. "खाली मी राहीन. मले काई समजत नाई तुहं ते वेढा-फिढा, पण हात ठेवून उभी राहीन. हलणार नाई." मग पदराने नाक पुसत म्हणाली, "आन् त्या मास्तरले माह्या वजनाचं बोलू देऊ नको. लय दिवस झाले, वाढलं हाय."

बायको हसली. कोपरासकट सगळं अंग हलवून हसली. मी तो आवाज बऱ्याच महिन्यांत ऐकला नव्हता. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण मला कोणी विचारलंच नव्हतं.

सेविकाबाईने घरात हाक दिली, चहा ठेव म्हणून. तिच्या सुनेने थोड्या वेळाने ताट आणलं. त्यात दोन कप होते.